चौऱ्याहत्तर नव्हे, सत्तेचाळीस

"ताई, मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका गावात राहते. वय ३६. एका खासगी कंपनीत हिशेब बघते. आमच्या घरामागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला डोंगर. गेल्या डिसेंबरात त्या डोंगरावर जेसीबी चढला. जानेवारीच्या ग्रामसभेत मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले आणि विचारलं, 'सर्व्हे नंबर ७४/२ मध्ये डोंगर कापायची परवानगी कोणी दिली?' सरपंच हसले. म्हणाले, 'ओ बाई, चौऱ्याहत्तर नव्हे, सत्तेचाळीस. चौऱ्याहत्तरात शाळा आहे. आधी कागद वाचायला शिका, मग बोलायला या.' सगळी सभा हसली. मी खाली बसले. कोणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं, संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर फिरलं.

तेव्हापासून आमदारांना पत्र लिहितेय. अकरा मसुदे झाले. दर वेळी वाटतं, अजून एक कागद बघायला हवा. एखादं कलम चुकेल. शुद्धलेखन चुकेल. घरी आम्ही कोकणी बोलतो, माझी मराठी शाळेतली आणि वाचनातली. यंदाच्या पहिल्या पावसात कुळागरातल्या झरीत लाल माती उतरली. सासूबाई म्हणतात, 'तू मागे लागली असतीस तर.' नवरा म्हणतो, 'मागे लागलीस तेव्हा काय झालं ते बघितलंस ना?' अकरावा मसुदा सोबत जोडलाय. माझी तयारी पूर्ण झाली हे कसं ओळखायचं, तेवढं सांगा. धाकटी बहीण समजून उत्तर द्या.
अकरावा मसुदा, फोंडा तालुका"

बाये,

धाकटी बहीण समज म्हणालीस, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

तुझं पत्र वाचून मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर ७४ मधून ४७ वजा केले. सत्तावीस आले. नवाने भाग जातो. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलंय. ते एका पेढीवर कारकून होते. महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे तुमचा ट्रायल बॅलन्स, जुळली नाही, की पहिल्यांदा फरकाला नवाने भागून बघायचे. भाग गेला की म्हणायचे, "आकडे उलटे पडलेत," आणि खातेवही उघडून शोधायला बसायचे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा राग नसायचा, लाजही नसायची. उलट सुटल्यासारखं वाटायचं त्यांना, कारण चुकीची जात कळली होती. ही युक्ती तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तू रोज हिशेब बघतेस. तुझ्या टेबलावर कोणी ४७ च्या जागी ७४ लिहून आणलं, तर तू त्याला "आधी वाचायला शिका" म्हणशील का? पेन्सिलीने गोल करशील आणि पुढच्या पानावर जाशील.

आणखी एक आठवण करून देते, तीही तुझ्याच कामातली. ट्रायल बॅलन्स जुळत नाही, फरक कुठला ते सापडत नाही, आणि काम तर पुढे न्यायचंय. अशा वेळी तुम्ही मंडळी काय करता? फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकता आणि पुढे जाता. चूक सापडली की दुरुस्तीची नोंद करून ते खातं मिटवता. जुनी नोंद कोणी खरवडून काढत नाही. खाडाखोड केलेली वही कोणताही ऑडिटर संशयाने बघतो, दुरुस्तीची नोंद असलेली वही मात्र तो बिनदिक्कत पुढे सरकवतो. इतकं शहाणपण तुझ्या धंद्यात शेकडो वर्षांपासून मुरलेलं आहे. ग्रामसभेत उभं राहताना तू ते घरी का ठेवून गेलीस, हा माझा तुला प्रश्न आहे. रागावून विचारत नाही. मीही ठेवून गेले होते.

माझं सांगते. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आमच्या वाड्यावरच्या प्राथमिक शाळेत एका वर्गाला शिक्षकच नव्हता. मी मंत्र्यांना पत्र लिहिलं, "तीन वर्षं झाली, मुलांना शिक्षक नाही." आठवड्याने त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला. आवाज चढलेला. "बाई, तीन वर्षं हे साफ खोटं आहे. दीड वर्ष झालंय. सरकारला असं काहीबाही लिहू नका." मी "हो, हो, चुकलं" म्हणून फोन ठेवला. हात कापत होते. दीडच होतं. मी तिसरीच्या मुलांच्या आयांना विचारलं होतं, त्यांनी तीन सांगितलं होतं, मी कागद बघितला नव्हता. त्या रात्री मी ठरवलं, की आपलं काम घर आणि नोकरी, या भानगडीत पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला हे सांगितलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. भाजी निवडत होती, मानही वर केली नाही. म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष शिक्षक नाही हे त्यांच्याच तोंडून आलं की!"

मी तशीच घरी आले आणि फोन लावला. म्हटलं, "तुमचं बरोबर आहे, दीडच वर्ष. दुरुस्तीचं पत्र आजच पाठवते. त्या दीड वर्षाचं आता काय करता?" पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. दुसऱ्या पत्राला लेखी उत्तर आलं. पहिल्याला आलं नव्हतं. शिक्षक यायला पुढचा जून उजाडला, मधले महिने मुलांचे गेलेच. पण ती दुरुस्ती मी पाठवली नसती, तर माझ्या तीन वर्षांच्या आकड्याखाली त्यांचं दीड वर्ष कायमचं झाकलं गेलं असतं.

आता तुझ्या ग्रामसभेकडे ये. तू म्हणालीस ७४/२. सरपंच म्हणाले, चौऱ्याहत्तर नव्हे, सत्तेचाळीस. बाये, त्यांना कसं कळलं? तुझ्या हातात नकाशा नव्हता. तू जागेचं वर्णनही केलं नव्हतंस. गावात शेकडो सर्व्हे नंबर, त्यांचे पोटविभाग वेगळे. तरी तुला कोणता नंबर म्हणायचाय ते त्यांना त्याच क्षणी ठाऊक होतं, कारण डोंगर कुठे कापला जातोय ते त्यांना ठाऊक होतं. भर सभेत, गावासमोर, त्यांनी ते सांगून टाकलं. तो व्हिडिओ तू लाजेने पुसून टाकला असशील, तर कोणाकडून तरी परत मागवून घे. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. गेले पाच महिने तू त्यात फक्त स्वतःचा पडलेला चेहरा बघतेयस.

सरपंच वाईट माणूस आहे असं मला म्हणायचं नाही. कदाचित त्यांना खरंच वाटलं असेल, की एक फालतू तक्रार हसून निकालात निघाली. पण निकालात काही निघालेलं नाही. परवानगी कोणी दिली, हा प्रश्न त्या सभेत विचारला गेला आणि त्याला उत्तर मिळालं नाही. आकडा दुरुस्त झाला, प्रश्न तसाच आहे.

तू विचारलंयस, तयारी पूर्ण झाली हे कसं ओळखायचं. मी तुला वेगळंच विचारते. तुझ्यासारख्यांनी चुकत बोलावं अशी अपेक्षा कायद्यानेच धरली आहे, हे तुला माहीत आहे का? माहिती अधिकाराचा कायदा बघ, २००५ चा. (आपल्या गोव्यात तर तसा कायदा १९९७ लाच आला होता, देशाच्या आधी.) अर्ज लिहिता येत नसेल, तर तोंडी सांग, माहिती अधिकाऱ्याने तो लिहून घ्यायला मदत करायची आहे. चुकीच्या खात्याला अर्ज गेला, तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन नाही. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांना ठाऊक होतं, की माणसं खात्याचं नाव चुकतील, कलम चुकतील, वाक्य अर्धं सोडतील, आणि तरीही उत्तर मिळणं हा त्यांचा हक्क असेल.

आणि सरकारच्या चुकांचं काय? तुझा प्रश्न जमिनीचा आहे म्हणून तिथलंच सांगते. २०२३ साली आपल्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घातलं गेलं. कशासाठी? तर प्रादेशिक आराखड्यात, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशात, नजरचुकीने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. एवढ्या मोठ्या खात्याने, एवढ्या तज्ज्ञांनी केलेल्या आराखड्यात चुका आहेत, हे कायद्याच्याच शब्दांत मान्य झालं. त्या कलमाखाली ज्या तऱ्हेने जमिनींचे झोन बदलले गेले, त्यावरून लोक न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम रद्दबातल ठरवले. प्रकरण त्याच्याही पुढे गेलंय, त्या तपशिलात आज जात नाही. मला एवढंच दाखवायचंय, की चूक झाली म्हणून सरकार गप्प बसलं नाही, बोलायचं थांबलं नाही. मग दोन आकडे उलटे पडले म्हणून तू का थांबावंस?

मी प्रादेशिक आराखडा २०११ च्या वेळच्या सभांना गेले होते. २०११ पर्यंतचा तो आराखडा २००६ साली आला आणि गावोगाव लोक उठले. तेव्हा नकाशे टेबलावर पसरून ठेवलेले असायचे. रंग कशाचे, रेषा कशाच्या, कोणाला धड कळत नव्हतं. एक वयस्क गृहस्थ मला आठवतात. काजूचं भाट, म्हणजे बाग होती त्यांची. "हे बघा, माझ्या भाटात सेटलमेंट, वस्तीचा झोन दाखवलाय," म्हणून त्यांनी तावातावाने बोट ठेवलं, ते पलीकडच्या वाड्यावर. शेजारी उभ्या असलेल्या मुलाने त्यांचं बोट धरलं आणि हळूच सरकवून बरोबर जागी ठेवलं. गृहस्थांनी त्याच दमात वाक्य पुढे चालू ठेवलं. बोट कुठून कुठे आलं, याचं त्यांना काही वाटलं नाही आणि सभेलाही नाही. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. तो मागे घ्यायला लावणाऱ्यांत वास्तुविशारद होते, वकील होते, आणि बोट चुकीच्या वाड्यावर ठेवणारे हे गृहस्थही होते. तुला ग्रामसभेत बोट सरकवणारं कोणी मिळालं नाही, हे तुझं दुर्दैव. पुढच्या सभेला एकटी जाऊ नकोस. नवरा येत नसेल तर सासूबाईंना घेऊन जा. झर त्यांचीही आहे, आणि त्यांच्या बोलण्यात मला तुझ्यावरच्या रागापेक्षा झरीचं दुःख जास्त दिसतंय.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगते. सगळ्या चुका सारख्या नसतात. सर्व्हे नंबर उलटा पडला, तारीख दोन दिवसांनी चुकली, खात्याचं जुनं नाव लिहिलं, 'परवानगी'चा ऱ्हस्व-दीर्घ चुकला, या चुका दुरुस्त होतात आणि कोणाचं नुकसान होत नाही. पण "सरपंचाने पैसे खाल्ले" हे वाक्य पुराव्याशिवाय लिहिलंस, तर ती चूक वेगळ्या जातीची. त्याने माणसाच्या अब्रूला हात लागतो, तू कायद्याच्या कचाट्यात सापडतेस आणि डोंगर बाजूला पडतो. तुझ्या मसुद्यात असं वाक्य एक आहे, तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी. "यामागे कोणाचे हितसंबंध आहेत हे सर्वांना माहीत आहे." ते काढ. तुला माहीत असेल तर नाव आणि पुरावा दे, नाहीतर ते तुझ्या पत्रातलं सगळ्यात दुबळं वाक्य आहे. गंमत बघ, अकरा मसुद्यांत तू पूर्णविराम तपासलेस, कलमं तपासलीस, आणि हे वाक्य अकराही वेळा तसंच राहिलं. चुकीची भीती माणसाला नको तिथे जागं ठेवते आणि हवं तिथे झोपवते, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिलंय.

म्हणून पत्र लिहिताना वाक्यं वेगवेगळी ओळखायला शीक. जे डोळ्यांनी पाहिलंस ते तसं लिही: "१४ डिसेंबरला रात्री साडेदहाला मी जेसीबी पाहिला." जे ऐकलंस, ते "असं समजतं" म्हणून लिही. जे ठाऊक नाही, ते प्रश्न करून लिही. तुझ्या भाषेत सांगायचं, तर जे जुळलं नाही ते सस्पेन्स खात्यात टाक, पण पान पुढे ने. प्रश्न चुकीचा ठरवता येत नाही, त्याला फक्त उत्तर देता येतं किंवा टाळता येतं. टाळलं तर ते कागदावर दिसतं.

भाषेचं थोडक्यात सांगते, कारण ती तुझी खरी अडचण नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने आपल्याकडे कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. तू ग्रामसभेत कोकणीत बोल, पत्र मराठीत लिही, आपण सगळे पिढ्यान्पिढ्या तेच करतोय. मसुद्यात तू एके ठिकाणी 'व्हाळ' लिहून खोडलंयस आणि वर 'ओढा' लिहिलंयस. मग 'ओढा' खोडून 'नैसर्गिक जलप्रवाह' केलंयस. परत 'व्हाळ' कर. आमदार तुमच्याच भागातले, त्यांनी लहानपणी व्हाळातच पाय बुडवले असणार. 'नैसर्गिक जलप्रवाह' वाचून त्यांना काही आठवणार नाही.

आमच्या गावची एक म्हातारी होती, आता नाही. कुळागरात सुपाऱ्या वेचायची. एकदा नळाला गढूळ पाणी यायला लागलं. ग्रामसभेत ती उठली, कमरेची प्लास्टिकची बाटली काढली, लालसर पाण्याने भरलेली, आणि पंचांच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "हें पयलीं तूं पी." मग ती जे बोलली त्यात खात्याचं नाव चूक होतं, टाकीची जागा चूक होती, कधीपासून पाणी खराब आहे त्या तारखाही दोनदा बदलल्या. कोणी दुरुस्त करायला गेलं नाही. सगळ्यांची नजर बाटलीतल्या तळाशी बसत चाललेल्या गाळावर होती. त्या आठवड्यात टाकी धुतली गेली. पाईप बदलायला मात्र पुढची दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत म्हातारी प्रत्येक ग्रामसभेला बाटली घेऊन आली.

तुझ्याकडेही झर आहे. एका स्वच्छ काचेच्या बाटलीत तिचं पाणी भर, फोटो काढ, तारीख दिसेल असा.

आता पुढचं. नेहमीच्या ग्रामसभा आपल्याकडे रविवारी भरतात. जुलैची तुमची तारीख पंचायतीच्या फलकावर लागेल, बघून ठेव. त्याआधी पंचायत सचिवाला चार ओळींचं पत्र दे: जानेवारीच्या सभेत माझ्या प्रश्नात सर्व्हे नंबर ७४/२ असा उल्लेख झाला, तो ४७/२ असा वाचावा आणि इतिवृत्तात तशी नोंद घ्यावी. सोबत ४७/२ चा वन-फोर्टीन, म्हणजे आपल्याकडचा सातबारासारखा जमिनीचा उतारा जोड. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घे, तारखेसकट. शिक्का न मारताच "ठेवून जा" म्हणाले, तर ठेवून येऊ नकोस. सभा सुरू झाली की मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं. तेव्हा जानेवारीच्या सभेच्या इतिवृत्तात तुझा प्रश्न आहे का ते विचार. नसला तर तिथेच उभी राहा. पहिलं वाक्य हेच म्हण: "जानेवारीच्या सभेत मी नंबर चुकीचा सांगितला होता. सरपंचांनी तो ४७ असा दुरुस्त केला, त्याबद्दल त्यांचे आभार. आता त्या ४७/२ मधल्या परवानगीचं सांगा." आभार मनापासून मान. त्यांनी खरंच मदत केली आहे.

हसतील का? एखादा हसेलही. जानेवारीत तू हसण्याला उत्तर म्हणून खाली बसलीस. या वेळी हसू संपेपर्यंत उभी राहा. काही बोलू नकोस, नुसती उभी राहा. हसणाऱ्या माणसाला फार वेळ एकट्याने हसत राहता येत नाही. व्हिडिओ काढणारा या वेळीही काढेल, काढू दे.

आमदारांचं पत्र मात्र ग्रामसभेसाठी थांबवू नकोस. विधानसभेचं पावसाळी अधिवेशन तोंडावर आहे आणि आमदारांना प्रश्न आधी नोटीस देऊन पाठवावे लागतात. तू त्यांना अकराव्या मसुद्यात नियोजनाचा सगळा इतिहास सांगितलायस, तीन पानं. त्यांना त्याची गरज नाही. त्यांना विधानसभेत विचारता येईल असा प्रश्न हवाय. १९७४ च्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे मुख्य नगरनियोजकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही, हे तू बरोबर लिहिलंयस. मग एवढंच विचार, की अमुक गावच्या ४७/२ मध्ये अशी परवानगी दिली आहे का, दिली असल्यास कोणत्या तारखेला आणि किती चौरस मीटरसाठी, आणि खात्याने जागेची पाहणी केली आहे का. आमदाराचा हा प्रश्न सभागृहात स्वीकारला गेला, की खात्याच्या मंत्र्यांना त्याचं उत्तर द्यावं लागतं. तुझ्या पत्राला कोणी उत्तर दिलं नाही तरी चालेल, त्या प्रश्नाला द्यावंच लागेल. तुमच्या आमदारांनी घेतला नाही, तर आणखी एकोणचाळीस आहेत, त्यांतल्या दोघा-तिघांना तेच पान पाठव. पत्र पोचल्यावर चार दिवसांनी फोन कर. कार्यालयातल्या माणसाचं नाव विचारून घे. पुढच्या वेळी नावाने हाक मार.

त्याच दिवशी दहा रुपये भरून नगरनियोजन खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्जही टाक. एक वाट अडली तर दुसरी चालू राहते.

आणि घरी. नवरा घाबरलाय, असं मला वाटतं. तुझा तमाशा झाला तेव्हा त्याला गावात चार जणांनी ऐकवलं असणार आणि ते त्याने तुला सांगितलं नसणार. त्याच्याशी भांडू नकोस. हे पत्र टपालात टाकायचं काम त्याला दे, नाहीतर आमदारांच्या कार्यालयात न्यायचं. पुरुषांना कधी कधी बाजू घ्यायला हातात काम लागतं.

तुझा अकरावा मसुदा मी दोनदा वाचला. पहिलं पान पूर्ण ठेव. त्यातलं जेसीबीचं वर्णन, रात्री सुपारीच्या झावळ्यांवर पडलेला त्याचा पिवळा उजेड आणि सकाळी व्हाळाच्या काठाला सापडलेले चाकांचे माग, हे कोणत्याही कलमापेक्षा मोलाचं आहे. दुसरं आणि तिसरं पान काढून टाक, त्यांच्या जागी वरचे तीन प्रश्न घाल. शेवटी ती "काही चुकले असल्यास अज्ञान समजून क्षमा असावी" ही ओळ आहे, ती खोड. तिथे लिही, "यातील कोणताही तपशील चुकीचा आढळल्यास कळवावे, दुरुस्त करून पुन्हा पाठवीन." पुढे नाव, गाव, फोन नंबर, सही.

अजून एक दिसलं. वर उजव्या कोपऱ्यात तू 'दिनांक :' लिहिलंयस आणि पुढे जागा कोरी सोडली आहेस. तिथे उद्याची तारीख घाल.

तुझी,
ताई